उष्णतेचा कांटा खरें सांगतो काय?

मोटारगाडी चालविणाऱ्याच्या समोर जी पाटी असते, तिच्यावर दोनतीन लहान तबकड्या व त्यांवर हलणारे कांटे असतात. त्यांपैकीं एक कांटा इंजिनांतील पाणी किती तापलें आहे तें सांगतो. गॅरेजमधील मिस्त्री त्यास टेंपरेचर मीटर म्हणतात. आपण या लेखांत त्यास उष्णतादर्शक म्हणूं. इंजिनाच्या पोटांत काय चाललें आहे तें बाहेर येऊन सांगणारा तो एक साक्षीदारच होय. परंतु साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची दृष्टि अधू असूं शकते, किंवा त्याचा निरोप वाटेंत बिघडूं शकतो. म्हणून साक्ष ऐकतांच निवाडा देऊं नये, आधीं साक्षीदाराची परीक्षा घ्यावी, असा न्यायसभेचा नियम आहे. तोच नियम जुन्या मोटारीच्या बाबतींत कसा लावावा, हें आपणांस क्रमाक्रमानें पाहावयाचें आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. कोंकणांतून ताम्हिणी घाट चढून दोन जुन्या मोटारी मुळशीकडे येत आहेत. दोहोंतहि मुलेंमाणसें बसलेलीं आहेत. पहिल्या गाडीचा कांटा एकाएकीं उडी मारून लाल खुणेवर जाऊन बसतो. वाफ नाहीं, वास नाहीं, इंजिनाचा आवाजहि नेहमींसारखाच आहे. परंतु मंडळी घाबरून जातात. दुसऱ्या गाडीचा कांटा प्रथम थोडा वर चढतो आणि मग अर्ध्या घाटांत हळूहळू खालीं उतरूं लागतो. चालकास बरें वाटतें. तो म्हणतो, "वारा लागला, इंजिन थंड झालें," आणि गाडी तशीच पुढें दामटतो. वाचकहो, यांपैकीं खरें संकट कोणत्या गाडीवर आहे? उत्तर देण्याची घाई करूं नका. लेखाच्या मध्यावर आपण या गाड्यांकडे पुन्हां वळूं.

पुण्याहून चांदणी चौक, भूगांव, पिरंगुट यांवरून मुळशी तालुक्याचें ठाणें जें पौड, तेथें जातां येतें, आणि तेथून पुढें धरणाच्या कांठाकांठानें ताम्हिणीस. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. त्याचें पाणी डोंगरांतून खालीं कोंकणांतील भिरा येथें नेऊन तेथें वीज निर्माण करितात, आणि हा उतार सुमारें ५०० मीटरांचा भरतो. जितक्या उंचीवरून पाणी तेथें खालीं पडतें, जवळजवळ तितकीच उंची घाट चढणाऱ्या मोटारीस आपल्या बळावर चढावी लागते. हौशी लोकांनीं जतन केलेल्या जुन्या गाड्यांना अशा चढांत खरी कसोटी लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जिला पुढें १९७० नंतरच्या दशकांत पद्मिनी हें नांव मिळालें. उत्तरपाड्याची अँबॅसडर, जिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. आणि महिंद्रांची जीप, या गाड्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र नियमहि केले. गाडी मूळ स्वरूपांत राखावयाची, तर तिचें मूळचें उष्णतादर्शकहि राखावें लागतें. तें बिघडलें असें म्हणून काढून टाकण्यापूर्वीं तें खरोखरच बिघडलें आहे काय, हें समजणें अगत्याचें आहे.

१. इंजिनास उष्णतेची मर्यादा कां?

पेट्रोल जळतें त्या क्षणीं नळकांड्यांतील वायूचें उष्णमान दोन हजार अंशांहूनहि वर जातें. या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, जवळजवळ तितकीच इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यांत उतरते, आणि उरलेल्या भागांतून गाडीस गति मिळते. पाण्यानें ही उष्णता उचलून रेडिएटरमध्यें नेऊन वाऱ्यास दिली नाहीं, तर इंजिनाचें शीर्ष वांकडें होतें, त्याखालील गॅस्केट जळतें, आणि तेल पातळ होऊन दट्ट्या घासूं लागतात.

याच्या उलट, इंजिन फार थंड राहिलें तरी चालत नाहीं. पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं, तें वायां जातें, आणि नळकांडीं लौकर झिजतात. म्हणून पाण्याच्या वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचें एक दार बसविलेलें असतें. पाणी सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापेतों तें मिटलेलें राहतें. नंतर तें आपोआप उघडतें व पाणी रेडिएटरकडे जाऊं लागतें. निरोगी इंजिनाचें पाणी साधारणपणें ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असतें.

घाटांत कांटा थोडा वर सरकणें हें स्वाभाविक आहे. खालच्या गिअरमध्यें इंजिन जोरानें राबतें, पण गाडीचा वेग मात्र थोडा असल्यामुळें रेडिएटरमधून वारा पुरेसा जात नाहीं. शिवाय जुन्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल असला तर वारा आणखी कमी. तेव्हां चढांत जो हळूहळू वर गेला व सपाटीवर आला कीं खालीं उतरला, तो कांटा बहुधा खराच बोलत आहे असें समजावें. पाण्यासारख्या जड पदार्थास तापावयास वेळ लागतो. तें एका क्षणांत वीसपंचवीस अंश चढत नाहीं. जो कांटा क्षणांत उडी मारतो, त्याच्याविषयीं मात्र संशय घेण्यास जागा आहे.

२. उष्णतादर्शकाचे तीन प्रकार

परीक्षेची रीत साधनाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून ही रचना थोडक्यांत पाहूं.

सर्वांत जुना प्रकार रेडिएटरच्या टोपणावरच बसविलेला असे. अमेरिकेंत १९१० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेला बॉइस मोटोमीटर हा त्यांतील प्रसिद्ध. तो एक कांचेचा उष्णतामापकच असून, चालकास तो आपल्या जागेवरून समोरच्या कांचेंतून दिसे. तो पाण्यांत बुडलेला नसे. पाण्यावरील वाफेची उष्णता तो दाखवी.

दुसरा प्रकार नळीचा. इंजिनाच्या पाण्यांत एक लहान धातूचा फुगा बुडविलेला असतो. त्यांत ईथरसारखें लौकर उडून जाणारें द्रव भरलेलें असतें. फुग्यापासून केसासारख्या बारीक छिद्राची तांब्याची नळी पाटीवरील तबकडीपर्यंत जाते. तेथें एक चपटी, वांकविलेली नळी असते. युजेन बूर्दों नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४९ सालीं ही युक्ति काढिली. पाणी तापलें कीं फुग्यांतील वाफेचा दाब वाढतो, वांकडी नळी सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोकास जोडलेला कांटा फिरतो. उष्णतेबरोबर वाफेचा दाब सारख्या प्रमाणांत न वाढतां अधिकाधिक वेगानें वाढतो. म्हणून अशा तबकडीवरील आंकडे थंड बाजूस दाटीवाटीनें व गरम बाजूस दूर दूर असतात. हा दोष नव्हे, निसर्गाचाच नियम आहे. या साधनास विजेची गरज नाहीं. किल्ली बंद असली तरी तें बोलत राहतें.

तिसरा प्रकार विजेचा. इंजिनांत एक लहान पितळी तुकडा आट्यांनीं बसविलेला असतो; मिस्त्री त्यास बहुधा सेन्सर म्हणतात. त्याच्या पोटांतील पदार्थाचा एक विशेष असा कीं, तो जसजसा तापतो, तसतसा विजेस होणारा त्याचा विरोध कमी होतो. त्यामुळें तापल्यावर तारेंतून अधिक प्रवाह वाहतो. तबकडींत दोन निरनिराळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते व तिच्याभोंवतीं बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला कीं तार तापते, आणि दोन धातू सारख्या न प्रसरण पावल्यामुळें पट्टी वांकते व कांटा ढकलते. बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तर कांट्यानें खोटें बोलूं नये, म्हणून ब्रिटिश धर्तीच्या बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझर नांवाची एक लहान डबी असते. ती उष्णतेच्या व पेट्रोलच्या, अशा दोन्ही कांट्यांना सरासरी १० व्होल्ट पुरविते.

आपल्या गाडीचा प्रकार ओळखणें सोपें आहे. तबकडीच्या मागून तांब्याची न तुटणारी नळी थेट इंजिनांत गेलेली दिसली तर दुसरा प्रकार. सुटी करतां येईल अशी तार दिसली तर तिसरा.

३. आधीं पाणी, मग कांटा

येथें पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम सांगितला पाहिजे. कांटा खोटा आहे असें ठरविण्याचा अधिकार पाणी तपासल्यावांचून कोणासहि नाहीं. आणि पाणी तपासावयाचें तें इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. तापलेल्या रेडिएटरचें टोपण कदापि उघडूं नये.

याचें कारण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें; पण उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळें तें लौकर उकळतें. दर ३०० मीटरांस सुमारें एक अंश हें प्रमाण लक्षांत ठेवावें. म्हणजे मुळशीस पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळूं लागेल. हें होऊं नये म्हणून रेडिएटरचें टोपण दाब धरून ठेवणारें असतें. टोपण दर चौरस इंचास ७ पौंडांचें असेल, तर आंतील पाणी मुळशीस सुमारें ११० अंशांपर्यंत न उकळतां राहतें. आतां कोणी अशा वेळीं टोपण उघडलें, तर दाब एकदम नाहींसा होतो. ११० अंशांचें पाणी ९८ अंशांवर येतांना बारा अंशांची उष्णता सोडतें, आणि ती सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्याकडे लागते. गणित केलें असतां दर लिटरामागें सुमारें २२ ग्रॅम पाण्याची वाफ होते. हें वजन अल्प वाटेल. पण तितकी वाफ सुमारें ४० लिटर जागा व्यापते! ती उकळतें पाणी घेऊनच तोंडावर व हातांवर उसळते. पोळलेल्या हातापेक्षां अर्ध्या तासाचा खोळंबा पुष्कळ बरा.

आतां आपल्या दोन गाड्यांकडे वळूं. पहिल्या गाडीचा कांटा क्षणांत टोकास गेला. पाणी इतक्या लौकर तापत नसल्यामुळें येथें तारेचा किंवा सेन्सरचा दोष असण्याचा संभव अधिक. तरीहि गाडी थांबवून पाहणें हेंच योग्य होतें.

दुसऱ्या गाडीची गोष्ट निराळी आहे. तिचा रबरी नळ फाटून पाणी हळूहळू वाहून गेलें. सेन्सर पाण्यांत बुडालेला असेल तरच तो पाण्याची उष्णता सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खालीं गेली कीं त्याच्याभोंवतीं केवळ हवा व वाफ राहते. हवा धातूस पाण्याइतकी उष्णता पोंचवीत नाहीं, आणि कांटा खालीं उतरतो. इंजिन मात्र जळण्याच्या पंथास लागलेलें असतें. म्हणून संकट होतें तें दुसऱ्या गाडीवर. चढांत विनाकारण खालीं उतरणारा कांटा हा वर चढणाऱ्या कांट्यापेक्षां अधिक भयंकर होय, हें प्रत्येक चालकानें मनांत कोरून ठेवावें.

गाडी थांबवितांना काय करावें, हेंहि येथेंच सांगतों. वाफ दिसत असेल, गोडसर वास येत असेल, किंवा खालीं पाणी सांडत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावें. यांपैकीं कांहींच नसेल व कांटा हळूहळू चढला असेल, तर गाडी सावलींत उभी करून इंजिन एकदोन मिनिटें रिकामें चालूं द्यावें, म्हणजे पंप व पंखा सांचलेली उष्णता बाहेर काढतात. तरीहि कांटा चढतच राहिला, तर इंजिन बंद करणें प्राप्त आहे.

४. दुसरा साक्षीदार

पाणी पुरेसें आहे, नळ शाबूत आहेत, पट्टा घट्ट आहे, तरी कांटा विपरीत बोलतो. अशा वेळीं दुसऱ्या स्वतंत्र साक्षीदारास बोलवावें. इंजिन थंड असतां टोपण काढून रेडिएटरच्या पाण्यांत उष्णतामापक धरावा, इंजिन सुरू करावें, आणि दर मिनिटास दोन आंकडे वहींत लिहावे: एक मापकाचा, एक तबकडीवरील कांट्याचा. मापक ८५ अंशांच्या सुमारास आला कीं प्रयोग थांबवून, पाणी उसळण्यापूर्वीं दूर व्हावें. हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें. पंखा व पट्टा यांजवळ सदऱ्याची बाही किंवा ओढणी जाऊं देऊं नये.

थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिनांतील पाणी तापलेलें व रेडिएटरमधील मात्र थंडच असतें. त्यामुळें आरंभीं दोन आंकडे जुळले नाहींत तर कांट्यास दोष देऊं नये. दार उघडलें कीं वरचा रबरी नळ हाताच्या पाठीस एकाएकीं ऊन लागतो. त्यानंतरचे आंकडेच ताडून पाहावे.

हल्लीं दुरूनच उष्णता मोजणारें पिस्तुलासारखें एक साधन मिळतें. तें सोयीचें खरें, पण चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर रोखलें असतां तें वास्तविकापेक्षां कमी उष्णता दाखवितें, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण फारसे बाहेर टाकीत नाहीं. म्हणून तें काळ्या रंगाच्या भागावर किंवा रबरी नळावर रोखावें. साक्षीदाराची परीक्षा घेणाऱ्यासहि तपासून घ्यावें लागतें, तें असें.

कांटा सदैव थंड बाजूसच राहतो आणि मापकहि तेंच सांगतो, तर उष्णतादर्शक निर्दोष असून थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे, किंवा कोणीं तो काढूनच टाकला आहे. घाटांत गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणें म्हणजे ताप आला असतां खिडकी मोडून टाकण्यासारखें आहे. रोग जेथें आहे तेथें तो राहतोच, आणि हिंवाळ्यांत थंडीहि आंत येते.

५. तारेची परीक्षा

विजेच्या प्रकारांत साक्षीदार तीन भागांचा असतो: पाहणारा सेन्सर, निरोप नेणारी तार, आणि बोलणारी तबकडी. दोष कोणांत आहे हें एका साध्या प्रयोगानें कळतें. इंजिन बंद, पण किल्ली चालू ठेवून सेन्सरवरील तार काढावी. बहुतेक गाड्यांत कांटा थंड बाजूस गेला पाहिजे. मग त्या तारेचें उघडें टोंक इंजिनाच्या स्वच्छ धातूस क्षणभर टेकवावें. कांटा गरम बाजूकडे सरकूं लागला पाहिजे. तो सरकतांच तार दूर करावी. फार वेळ टेकवून ठेवल्यास तबकडीस इजा होते.

आतां निष्कर्ष काढूं. दोन्ही वेळां कांटा योग्य दिशेस गेला, तर तार व तबकडी यांत मोठा बिघाड नाहीं. दोष सेन्सरचा मानावा. तार टेकवूनहि कांटा हललाच नाहीं, तर फ्यूज, तार किंवा तबकडी यांपैकीं कांहीं तरी तुटलें आहे. तार काढल्यावरहि कांटा गरम बाजूसच राहिला, तर ती वाटेंत कोठें तरी घासून उघडी पडली आहे व गाडीच्या धातूस लागते आहे. तार काढतांच तो खालीं आला, आणि इंजिन गार असूनहि जोडतांच पुन्हां टोकास गेला, तर सेन्सर आंतून जुळून गेला आहे. कांहीं जुन्या अमेरिकन गाड्यांत मात्र कांट्याची चाल याच्या अगदीं उलट असते. किल्ली बंद असतां ज्यांचा कांटा गरम बाजूस विसांवतो, त्या या जातीच्या. म्हणून प्रयोगापूर्वीं किल्ली बंद असतां कांटा कोठें बसतो तें पाहून ठेवावें.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. उष्णतेचा व पेट्रोलचा असे दोन्ही कांटे एकाच वेळीं वाजवीपेक्षां वर दाखवूं लागले, तर दोन्ही साक्षीदार एकदम बिघडले असें न मानतां, दोहोंस वीज पुरविणारी स्टॅबिलायझरची डबी पाहावी. तिचें अर्थिंग सुटलें असतां बॅटरीचा सर्व दाब तबकड्यांवर येतो व दोन्ही कांटे फुगवून सांगतात. दोन्ही कांटे एकदम मेले, तरीहि आधीं तिकडेच पाहावें. जेथें दोन दोष एकदम दिसतात, तेथें त्यांचें एक समान कारण आहे काय हें पाहावें. वैद्यापासून गणितज्ञापर्यंत सर्वच विचारवंत असेंच वागतात.

अर्थिंगचा दोष पुष्कळदां दुर्लक्षिला जातो. सेन्सरला परतीची दुसरी तार नसते. त्याचा प्रवाह आट्यांतून इंजिनांत व तेथून गाडीच्या सांगाड्यांत जातो. पाणी गळूं नये म्हणून कोणीं आट्यांवर जाड पट्टी गुंडाळली, किंवा मुळशीच्या पावसानें इंजिन व सांगाडा यांना जोडणारी पट्टी गंजली, तर प्रवाहास अडथळा होऊन कांटा कमी सांगतो. पुढचे दिवे लावतांच उष्णतेचा कांटा हलतो, ही त्याची सहज दिसणारी खूण. दिव्यांमुळें पाणी थंड वा गरम होत नाहीं. तेव्हां दोष विजेच्या वाटेंतच असला पाहिजे.

६. नळीची परीक्षा

नळीच्या प्रकारांत तार नसल्यामुळें वरील प्रयोग लागू नाहींत. येथें फुगा काळजीपूर्वक काढून ऊन पाण्यांत बुडवावा. कांटा मुळींच हलला नाहीं, तर बारीक नळी कोठें तरी तडकून आंतील द्रव उडून गेलें आहे. नळी तीव्र कोनांत वांकविणें, किंवा ती इंजिनाच्या हादऱ्यानें सतत घासूं देणें, हीं याचीं नेहमींचीं कारणें. अशा उष्णतादर्शकाची विशेष भीति ही कीं, तो मेला तरी थंड बाजूसच शांतपणें उभा राहतो आणि सर्व कुशल आहे असा भास उत्पन्न करतो. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळें त्याची दुरुस्ती घरीं न करतां जाणत्या कारागिराकडेच द्यावी.

७. पातेल्यांतील प्रयोग

शेवटीं शाळेच्या प्रयोगशाळेंत करतां येण्याजोगा एक प्रयोग सांगतों. विजेचा सेन्सर गाडींतून काढून पातेल्यांतील पाण्यांत दोरीनें असा लोंबता ठेवावा कीं, तो भांड्याच्या तळास टेकणार नाहीं व त्याचें तार जोडावयाचें टोंक पाण्याबाहेर राहील. शेजारीं उष्णतामापक. सेन्सरचें तें टोंक व पितळी अंग यांना ओहममापक जोडावा. पाणी मंद आंचेवर तापवून दर दहा अंशांस विरोध टिपून घ्यावा व आलेख काढावा. चांगल्या सेन्सरचा आलेख खंड न पडतां खालीं उतरत जातो. थंडपणीं शेंकडों ओहम असलेला विरोध पुष्कळ सेन्सरांत उकळत्या पाण्यांत दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. मध्येंच उडी दिसली, तर सेन्सर सदोष समजावा. आलेख सुरेख असूनहि गाडींतील कांटा ठराविक अंतरानें चुकतच असेल, तर तो सेन्सर दुसऱ्याच जातीच्या तबकडीसाठीं केलेला असण्याचा संभव आहे. नवा म्हणून कोणताहि तुकडा योग्यच असतो असें नाहीं.

या प्रयोगांत मुळशीची उंची पुन्हां आडवी येते. तेथें पाणी खळखळां उकळत असतां उष्णतामापक ९८ अंश दाखवील. ज्यानें केवळ "पाणी शंभर अंशांवर उकळतें" एवढेंच पाठ केलें आहे, तो त्या निर्दोष मापकास दोन अंशांनीं चुकीचा ठरवील, त्याप्रमाणें कांट्याची खूणहि बदलील, आणि अशा रीतीनें खऱ्या साधनास स्वतःच्या हातानें खोटें करील. हाच प्रयोग कोंकणांत केला तर मापक शंभराच्या अगदीं जवळ येईल. दोन्ही आंकडे खरेच आहेत. बदलली ती जागा. म्हणून निवाडा देतांना आपण कोठें उभे आहों हेंहि लक्षांत घ्यावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यांत सांगावयाचा तर असा: प्रथम थंड इंजिनांत पाणी पाहा, मग स्वतंत्र मापकानें कांट्याची साक्ष ताडून पाहा, मग तार काढून व टेकवून दोष कोणत्या भागांत आहे तें ठरवा, आणि सरतेशेवटीं जो भाग सदोष ठरेल तेवढाच बदला. हा क्रम उलटा करून जो प्रथम सेन्सर, मग तबकडी, मग रेडिएटर बदलतो, त्याचा पैसा जातो व शंका तशीच राहते. आणि जो "हा मीटर असाच आहे" असें म्हणून कांट्याकडे पाहावयाचेंच सोडून देतो, त्याच्या गाडीस संरक्षणच उरत नाहीं. अल्प किंमतीच्या सेन्सरकडे दुर्लक्ष केल्यामुळें सबंध इंजिन उघडावें लागणें ही गोष्ट गॅरेजांत नवीन नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. घरीं जुनी गाडी असेल, तर सुट्टीच्या दिवशीं मुलांना बॉनेट उघडून हे भाग दाखवावे, आणि पाण्याची तपासणी त्यांच्याकडून करवून घ्यावी. प्रत्येक वेळीं तारीख, पाण्याची पातळी व चढावरचा कांट्याचा आंकडा एका वहींत लिहून ठेवण्याची संवय त्यांना लावावी. अशी वहि वर्षभर चालली म्हणजे कांट्याचें नेहमींचें वागणें कळतें. आणि ज्याचें नेहमींचें वागणें आपणांस ठाऊक आहे, तो ज्या दिवशीं निराळें बोलेल त्या दिवशीं त्याचें बोलणें आपण ताबडतोब मनावर घेऊं.